नवऱ्याचं नाव

हॅलो?… हो, अमरावतीच. खुशालराव बोलून राहिलो… कोण, जमुना? अकोल्याच्या दवाखान्यातून ट्रंक कॉल? अगं, झालं काय?… रडू नको बाप्पा. सरळ सांग.

हं… बाळापूरकडची गोदाबाई. फुलमळा आहे त्यांचा… नवरा लढाईवर, चार महिने पत्र नाही. जेवत नाही, एकटीच बोलते… हो, हो… अन् नवऱ्याच्या मोठ्या भावानं आणलं तिले. तू कागद लिहिला, डॉक्टर सही करतील, की सांजच्या गाडीनं वेड्यांच्या इस्पितळात…

मंग अडलं काय?… थांब. तू तिले विचारलं काय काय?… गाव सांगितलं. वार सांगितला. अन् नवऱ्याचं नाव?… तीनदा विचारलं, तीनदा गप्प. म्हणून तू लिहिलं, नवऱ्याचं नाव आठवत नाही.

जमुना, तेव्हा तो मोठा भाऊ, तिचा भासरा, कोठी होता?… समोरच, खुर्चीवर.

अगं, भासऱ्यासमोर ती नवऱ्याचं नाव घेईन काय? तुही माय घेते काय?… हो, तपासणीच्या पुस्तकात तोच प्रश्न आहे. विलायतेतल्या बायांसाठी लिहिला तो. तू कामाले लागली तेव्हा मीच शिकवला तुले, माहीत आहे मले…

अगं ऐक ना. डॉक्टर रागावतील, हो, नोकरीही जाईन कदाचित… पण तू फोन काहून केला? लिहिलेलं तुलेच पटलं नाही म्हणूनच ना?

कागद टेबलावरच आहे अजून? मंग उचल. डॉक्टरले सांग, ‘चूक माही झाली’ म्हणून. भासऱ्याले बाहेर बसव, तिले एकटीले चहा पाज, अन् उखाणा घ्याले लाव… हो, उखाणा. त्यात घेईन ती नाव.

मले कसं माहीत?… सत्तावीस साली मीच लिहिलं होतं असं. चांदूरच्या एका बाईबद्दल, तिचा सासरा समोर बसवून. मंग दोन महिन्यांनी घरी बोलता बोलता आमच्या मंडळींनं विचारलं, मी घेते काय हो तुमचं नाव चारचौघात?

काय केलं?… काही नाही केलं. नोकरी नवी होती, गप्प बसलो. ती बाई अकरा वर्षांनी त्या वेड्यांच्या इस्पितळातच वारली… नाही, कोणालेच नाही सांगितलं. तुलेच पहिल्यांदा. अजूनही सही करताना भेव वाटते मले…

हॅलो?… जमुना?… ऑपरेटर, लाइन तुटली काय?… नाही? मंग?… तिनंच ठेवला?

नाही, नाही. परत जोडू नका. तिले घाई आहे.