जंतू पकडणारी पट्टी

"पंधरा मिनिटांत निकाल" हे मला नका सांगू हं! आमच्या तुर्भ्याच्या फूड लॅबमध्ये एकजण अन्नातला साल्मोनेला जंतू पकडायचं रॅपिड किट विकायला आला होता. आता घेण्याआधी आम्ही किटचीच परीक्षा घेतो. मुद्दाम जंतू घालून ठेवायचे आणि ते सापडतात का बघायचं. मी साबुदाण्याच्या खिचडीत घातले, त्याच्याच सांगण्यावरून रात्रभर उबवले. सकाळी त्याने ऐटीत किटमधली पट्टी बुडवली. निकाल काय, तर खिचडी एकदम शुद्ध!

म्हटलं, "अहो, जंतू मी माझ्या हाताने घातलेत."

गडी कसला हलतोय! "तुमचे जंतूच वीक असतील, मॅडम. आमची पट्टी चुकत नाही. मोठमोठे एक्सपोर्टवाले डोळे झाकून घेतात."

"हो, डोळे झाकूनच घेत असणार," म्हणत मी खिचडीचा डबा आणि चमचा त्याच्यापुढे सरकवला. "पट्टी चुकत नाही ना? मग खा दोन घास."

त्याने खिचडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि एकदम हात जोडले. "आज संकष्टी, मॅडम. माझा कडक उपवास असतो."

"मग लाजताय काय? साबुदाण्याचीच आहे!"