शेंगा फोडायचं यंत्र आणि पळालेली कंपनी

अगं, ती कंपनी लबाड आहे हे मी पहिल्यापासून सांगत होते, पण माझं कुणी खरं मानलं नाही. आमच्या मालकांनी सायकलची चेन लावून शेंगा फोडायचं यंत्र केलं होतं. सांगलीची कंपनी म्हणाली, पैसे भरा, शोध तुमच्या नावावर करून देतो, कारखानदारही गाठून देतो. त्यापायी माझ्या पाटल्या मोडल्या. वर आणखी पैसे मागितले. घरात लेक लग्नाची. मी एकटीच एसटीनं सांगली गाठली.

"साहेब, आमचं पैसं परत द्या."

"बाई, यंत्रातलं तुम्हाला काय कळतं?"

"यंत्रातलं न्हाई, लबाडीतलं कळतंय. त्या कारखानदाराचं नाव सांगा."

त्याला नाव सुचेना. "सोमवारी या, पैसे मिळतील," म्हणाला.

सोमवारपर्यंत घास गोड लागला नाही. आम्ही दोघं गेलो, तर दाराला कुलूप आणि पाटीही काढून नेलेली.

लग्न झाल्यापासून मालकांनी माझं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. परतताना स्टँडवर गाववाल्यानं विचारलं, "कंपनी पळाली कशानं रं?"

"भांडून पळवली की."

"कुणी?"

"यशोदानं."