गाळणीअलीकडचा उजेड

—नाही सर, दादा घरी नाही. कणकवलीला गेलाय, उद्या-परवा येईल. पण तुम्ही मुंबईहून आलात, बसा तरी. मी गुरुदास, सत्यवानचा धाकटा भाऊ. माझी शाळा अर्ध्यातच सुटली, त्यामुळे तुमच्यासमोर बोलायला जरा — पण दादाचं काम मला ठाऊक आहे हो. रापणीचं जाळं ओढता ओढता सांगायचा तो. केसाएवढ्या काचेच्या तारेत उजेडाचा जोरदार ठोका सोडायचा, तो आत फुटतो, त्याचे अनेक होतात — सॉलिटन ना? — एकेक लांब गेला तरी पसरत नाही, पण सगळे एकमेकांत गुंतलेले. त्यातला सर्वांत जोरकस तो वाटेत लालसर होत मागे पडतो, मग रंगाची गाळणी लावून त्याला एकट्याला काढायचं. बरोबर ना? आमचा शेजारी बाबली दोर ओढताना हसायचा — अरे सत्यवाना, उजेड कसलो धरतंस, आधी एक बांगडो धर. मी मात्र विचारलं, मग बाकीच्या उजेडाचं काय? तर म्हणाला, "तो गाळणीच्या अलीकडे रवता. तेचा काय करूचा नसता."

तो जोरकस ठोका एकटा कसा सुटेल, त्याचंच गणित अडलं होतं. आणि नेमकी गावपळण आली. तुमच्याकडे नसते ती — देवाचा कौल झाला की सगळा गाव तीन दिवस वेशीबाहेर झोपड्यांत राहतो, माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्रीसुद्धा. आत दिवा नाही, चूल नाही. दादा म्हणाला, एवढी शांतता जन्मात मिळायची नाही, मी इथेच बसतो. आई पाया पडली त्याच्या — पोटच्या पोराच्या — तरी हा राहिला. गणित सुटलं, हो, तुम्हीच तर शाबासकी दिलीत. पण तिकडे झोपडीत बाबलीच्या मुलीला फुरसं चावलं. जीपमधून नेताना वाटेतच गेली. एवढीशी होती. दादाने पळण मोडली म्हणूनच, असं गावाने धरलं.

कोणी ओरडलं नाही, सर. नुसतं बोलायचं थांबले. मी दोर धरला की बाजूचा हात सुटतो. आई विहिरीवर गेली की बायका रिकाम्या कळशा घेऊन परततात. आचऱ्याला माझं लग्न ठरलं होतं, ते पण — जाऊ दे. देवळात नारळ ठेवून 'चुकलो' म्हणायचं, एवढंच मागतात. दादा म्हणतो, मी कुणाला मारलं नाही. खरंच आहे ते. पण तो तसाच तुमच्याकडे मुंबईला नोकरीवर निघून गेला तर आम्ही कायमचेच बाहेर. म्हणून म्हणतो — त्याला सांगा, मुंबईची जागा गेली. दुसऱ्याला दिली म्हणा. तुमचं ऐकेल तो. मग जाणार खंय? ठेवील नारळ. आत्ताच सांगा, इथेच माडांत कुठेतरी असेल — हो, कणकवलीचं खोटंच सांगितलं मी. काय करू?

काय म्हणालात? तुमच्या गाडीत? म्हणजे दादा वाटेतच भेटला तुम्हाला — आणि तुम्ही नुसती बॅग न्यायला — मग आधी का नाही — हो, मीच बोलू दिलं नाही.

ती बघा, खाटेखाली. कपडे आईने धुऊन ठेवलेत. तिला मी सांगेन. पुढच्या वाटेवर बाबलीचं दार लागतं, मागच्या पाणंदीने जा. सर — माझ्याबद्दल काही बोलला?

काहीच नाही.

बरं. जावा तुम्ही.