वासाचा वाफा

मी मूळची गास गावची. वडलांची भातशेती व्हती, खाडीचं खारं पानी आत येऊ नये म्हनून बांध घातलेला, आनि आम्ही बहिनी गुडघाभर चिखलात लावनी करत मोठ्या झालो. वडील सारखं सांगायचे, खाचरातलं पानी आटू द्यायचं नाय, पानी आटलं का भात गेलं. ते डोक्यात असं बसलंय का कोरडी माती मला अजून बघवत नाय, आनि त्याच्यामुळंच पुढं माझ्या हातनं घोटाळा झाला, सांगते.

लग्न करून कळंबच्या बाजूला आले. आमचे हे गेले तवा पोरगी चौथीला व्हती, मग मी मासळीच्या शेडवर लागले. बाजारातली मासळीची डोकी, आतडी, खवले सगळं तिथं येतं आनि त्याचं खत करतात, आम्ही बारा बायका तिथं, माझी जाऊपन त्यातच. वासाचं काय सांगू तुम्हाला, साबन लावून लावून हात सोलायचे पन वास जायचा नाय, रिक्षात बसलं का बाजूची बाई सरकून बसायची. पन त्याच शेडवर माझी पोरगी शिकली, नर्स झाली, मी त्या शेडला नावं ठेवनार नाय.

मग आजूबाजूला बिल्डिंगी झाल्या, त्या लोकांनी तक्रारी केल्या. त्यांचं तरी काय चुकलं, बिचारे जेवायला बसले का खिडक्या लावून घ्यायचे. सरकारी हापिसातून मानसं आली, म्हनाली वास थांबवा नायतर शेड बंद करा. बारा घरांच्या चुली त्या शेडवर.

तवा शेडच्या मालकानं, आमच्या शेठनी, स्वातीमॅडमला आनली. इंजिनीअर, माझ्या पोरीच्या वयाची. तिनं शेडच्या मागं मोठा हौद बांधला, त्यात नारळाची सोडनं, म्हंजे वरची सालं, लाकडाचे तुकडे, कुजलेलं शेनखत भरलं. शेडमधली घान हवा पंख्यानं ओढायची आनि पाइपातून हौदाच्या बुडाशी सोडायची, ती वर येता येता त्या खतातले बारीक जीव वास खाऊन टाकतात, असं ती म्हनाली. आम्ही पदर तोंडाला लावून हसलो, वास खाऊन कुनाचं पोट भरतं काय. पन आम्ही त्याला वाफा म्हनायला लागलो. मॅडम मला म्हनाली, सुनंदाताई, तुम्ही शेतकऱ्याची लेक, वाफा ओला ठेवायचं काम तुमचं, आनि ती आठ दिवस दुसऱ्या कामावर गेली.

ओलं म्हटल्यावर माझ्या डोळ्यासमोर खाचरच आलं. हौदाला खाली पानी निघायला भोक व्हतं, मला वाटलं गवंड्यानं चुकून सोडलं, मी त्यात चिंध्या कोंबून चिखलानं लिंपून टाकलं, आनि पाइप लावून वाफा काठोकाठ भरला. रोज भरायची, अगदी मनापासून. चार दिवसांत असा वास सुटला का पहिला बरा म्हनायची पाळी आली. बिल्डिंगीतली मानसं गेटवर आली, मॅडम धावत आली, वाफ्यात हात घालून बघत बसली, खाली भोक ठेवलेलं असून पानी का उतरत नाय ते तिला उमजेना. शेठ म्हनाले हा सगळा पोरखेळ हाय, मॅडम तुम्ही निघा, सोमवारपासून शेड बंद.

माझी जाऊ नंदाखाल गावची, केळीच्या वाडीत वाढलेली. तिनं माझ्या कानाशी येऊन इचारलं, बाई गं, तू पानी कोंडलंस काय, अगं केळीच्या मुळाशी डबकं झालं का केळ कुजते, ओल पायजे, तळं नको. तवा मला उमजलं, ही घान माझ्याच हातनं झाली. भोकाचं दुसऱ्या कुनाला ठावं नव्हतं, गप बसले असते तर मॅडमवरच गेलं असतं. पन त्या पोरीचं तोंड बघवेना. मी सगळ्यांच्या पुढं जाऊन म्हटलं, शेठ, मॅडमचं काय चुकलं नाय, भोक मी बुजवलंय.

वाटलं आता मॅडम मला फाडून खानार. तर ती म्हनाली, शेठ, चूक माझी हाय, ओलं म्हंजे किती ते मी ताईंना सांगितलंच नव्हतं, मला महिनाभर द्या. शेठनी खूप आढेवेढे घेतले, पन दिला. आम्ही बाराजनींनी हौद उपसला, जावेनं माहेरच्या वाडीतून नवी सोडनं आनली, परत भरला. आता मी मूठभर घेऊन दाबून बघते, हाताला ओल लागली पायजे पन थेंब गळता कामा नये. ते बारीक जीव परत वाढायला वेळ लागला, पन महिना सरता सरता मागं गेलं का पावसातल्या पालापाचोळ्यासारखा वास यायला लागला, बाकी काय नाय. हापिसातली मानसं आली, दोनदा फेरी मारली, नाक वर करकरून हुंगलं आनि शेड चालू ठेवा म्हनून गेली.

आता वाफा माझ्याकडंच असतो. मॅडम दुसरीकडं गेली, सनासुदीला फोन करते. काय सांगू तुम्हाला, सासरी म्हना, कामावर म्हना, दुसऱ्यांच्या चुका माझ्यावर लय आल्या, मी सोसल्या. पन माझी चूक आपल्या अंगावर घेनारी उभ्या जन्मात ती एकच भेटली. तिचं नाव नीट लिवा बरं, देव तिला सुखात ठेवो.