कुसुमनं हात बदलला

बसा बायांनो, बसा. श्रीधरभाऊ, तुम्ही पुढं या, बायको तुमची गेली आहे. सेक्टर दोनच्या आल्या, कॅम्प एकच्या आल्या, अहिवाऱ्याहून कुसुमची बहीण आली. एवढे जण पाहून मले बोलणं जड जाऊन राहिलं. पण तिच्याबद्दल रडून बोलली, तर तिलेच आवडणार नाही.

कुसुम आमच्या भजनमंडळाची पेटीवाली. लहानपणी नागपुरात शिकली. गुरुजी म्हणत, बोट चुकलं की तेच वाजव, पुन्हा तेच. ते तिच्या हाडात बसलं. कानही तसाच. घरात कुकरची शिटी झाली तरी म्हणे, "हा सूर कोमल लागून राहिला." मी म्हणे, "बाई, आधी डाळ पाहा."

मग उजव्या हाताची शेवटची दोन बोटं आखडायले लागली. पण फक्त पेटीवर. पोळ्या लाटताना नाही, स्वेटर विणताना नाही. पेटीवर हात ठेवला की बोटं आत मुडपली. दुखत काहीच नव्हतं. कोणी नजर काढली, कोणी लसणाचं तेल चोळलं. एक बाई म्हणाली, "भजनाले कंटाळली असन, नाटक करून राहिली." ती आज इथंच बसली आहे. नाव नाही घेत मी.

अन् कुसुमनं काय करावं? रियाज वाढवला! बोटं आणखी आखडली. भजनाले बसली की घामाघूम. मले म्हणे, "पेटी गेली तर माझं काय उरते?" मी म्हटलं, "जीभ उरते, तुले तेवढी पुरे." हसली नाही. तेव्हा मी समजली, बाई खरंच भ्याली आहे.

श्रीधरभाऊंनी नागपूरचा डॉक्टर शोधला. पेटी सोबत आणा, म्हणे. आम्ही पॅसेंजरमध्ये पेटी मांडीवर घेऊन गेलो. त्यानं वाजवायले लावलं, पाहिलं, अन् सांगितलं, "हातात खोट नाही. डोक्यात हरेक बोटाची आपली जागा असते. तेच तेच घोटून तुमच्या दोन बोटांच्या जागा मिसळल्या. एकाले बोलावलं की दुसरंही उठते."

मी विचारलं, "मग डोकं उघडून वेगळं करता का?"

"नाही आजी. आधी थांबायचं. मग हळूहळू नव्यानं शिकायचं. पहिल्यासारखं होईलच असं नाही."

दुर्गले परतताना कुसुमनं पेटी मांडीवर घेतली नाही, बाकाखाली सरकवली.

पेटीवर कपडा पडला. मग एका दुपारी मी गेली, तर पेटी उघडी. भाता उजव्या हाताले, सूर डाव्या हाताले. सारेगमपासून सुरुवात! ती ज्या पोरींले शिकवे, त्यांच्यातच बसून. माझी नात तिले म्हणे, "काकू, ग गलत है, फिर से!" कुसुम इतकी हसली, की भाता सोडून पदर तोंडाले लावला. किती महिन्यांनी हसताना पाहिली मी तिले!

डाव्या हातानं भजन वाजलं. आधीसारखं? नाही. जलद ताना गेल्या त्या गेल्याच. पण घाम गेला. झोप लागायले लागली. संगीतानंच तिले दुखणं दिलं का? दिलं. संगीतानंच बरं केलं का? मले नाही ठाऊक. साठीची बाई डाव्या हातानं नवं शिकली, एवढं मी पाहिलं. डोकं तिचं म्हातारं झालं नव्हतं.

अन् शिकवणं पाहा कसं बदललं. आधी पोरगी चुकली की उठू देत नसे. मग म्हणायले लागली, "हात थकला? ऊठ, पाणी पी. उद्या वाजव."

परवा क्लास आटोपला, चहा घेतला, भिंतीले टेकली अन् गेली. कोणाले त्रास नाही. चांगली गेली.

मंगळवारी भजन होईन. पेटी तिच्या क्लासच्या पोरी वाजवतील. चुकतील. कोणी तोंड वाकडं करायचं नाही, मी पाहून राहीन.

आता उभ्या राहा. हात जोडू नका, मुठी वळू नका. खाली ढिले सोडा, बोटं मोकळी. हं, तशी. कुसुम, तुले आमचा असाच नमस्कार.

आता गप्प.