गेटापासून दारापर्यंत

कोणाकडून करून घेतलं म्हणजे? कोणाकडूनच नाही — मी केलं, ह्या दोन हातांनी. हसू नकोस संघप्रिया, खरंच सांगते. म्हणजे हस, मीसुद्धा सकाळपासून हसतेच आहे. बस ना त्या खुर्चीत — नवी शेजारीण तू, पहिल्यांदा आलीस आणि मी तुला उभं ठेवून फरशी दाखवते आहे — पण बघ तरी, काल दुपारभर पाऊस पडला, हमद टाउनच्या निम्म्या गल्ल्यांचं तळं झालंय, आणि माझ्या दारात? कोरडं. सगळं पाणी गेटातून बाहेर, गुमान. मी टाळ्या वाजवल्या गं. पंचेचाळिसाव्या वर्षी, दारात उभी राहून, एकटीच.

आधी उतार उलटा होता ना — गेटाकडून घराकडे. इथं आखातात पाऊस असतो किती, थंडीतले चार-पाच दिवस, पण तेवढ्यात पाणी थेट बैठकीत. आणि गंमत ऐक, आमचे हे, अर्शद, काम काय करतात? हेच. फरशीचे फोरमन. तेवीस वर्षं लोकांच्या गेटापासून दारापर्यंत विटा बसवतायत, आणि आपल्या घराचं विचारलं की — पुढच्या थंडीत, इंशाल्ला. अशा सात थंड्या गेल्या. गेल्या वर्षी तर — जाऊ दे, ते नको. बरं, सांगते. अम्मा, म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांच्या पायाला प्लास्टर होतं, आणि खाटेवर झोप लागत नाही म्हणून खाली गादीवर होत्या. पाणी आलं, आधी बोटभर, मग गादी भिजली. मी ह्यांना फोन करते आहे, करते आहे — अकरा फोन. हे सनाबिसला, कुणाच्यातरी व्हिलाच्या दारात. शेवटी अम्मांना पाठीवर घेतलं आणि जेवणाच्या टेबलावर बसवलं. दोन तास तशाच, ओल्या कपड्यांत.

मग ह्या वर्षी हे महिनाभर समुद्रापलीकडे दमामच्या साइटवर गेले आणि मी म्हटलं, खलास, आता कुणाची वाट बघायची नाही. तुबलीतून रबरी हातोडी आणली, वाळूची पोती मागवली, आणि लागले विटा उपटायला. पहिल्या दिवशी अठरा विटा — आणि कंबर गेली. पण उतार द्यायचा कसा? मला कुठलं कळतंय. कळत होतं ते अम्मांना. पावसाळा संपला की गावाला अंगण चोपायच्या त्या, उभं आयुष्य. दारात खुर्ची टाकून बसल्या काठी घेऊन. तांब्याभर पाणी ओतायला लावायच्या, कुठं पळतंय ते बघायच्या, आणि काठीनं दाखवायच्या — नुसरत, हितं थांबलंय, उपट. एक ओळ मी चारदा उपटली. चारदा. ह्यांच्याहून कडक फोरमन.

आणि काल — काल ढग बघून हे सुट्टी टाकून निघाले, समुद्रावरच्या पुलावरून, गाडीत बादल्या, वायपर, नवी गादीसुद्धा. गेटात उतरले आणि तिथंच भिजत उभे. मग उकिडवे बसले, विटांच्या सांध्यांवरून बोट फिरवलं. आत येऊन अम्मांना म्हणाले, "उतार बरोबर आहे." अम्मा म्हणाल्या, "मला काय सांगतोस? जिनं केला तिला सांग."

तेव्हा वळले माझ्याकडे. मग म्हणाले, "त्या दिवशी फोन दिसत होता मला, नुसरत. मीच उचलला नाही."

खरं तर मला राग यायला हवा होता, नाही का? वर्षभर मनात होतं तेच निघालं. आणि मला हसू फुटलं. अम्मांना वाटलं, हिला ताप चढला. पण ह्यांनी आपणहून सांगितलं गं — मी विचारलं नव्हतं, कधीच विचारलं नसतं. हलकं हलकं वाटतंय बघ, त्या तिकिटांचंसुद्धा आता —

तिकिटं? तिकिटं म्हणाले का मी?

काही नाही. मुंबईची, शनिवारची. दोन — एक माझं, एक अम्मांचं. हे दमामला गेले त्याच दिवशी अम्मांनीच काढायला लावली. म्हणाल्या, तोवर पाणी पुन्हा आत आलं तर आपण दोघी जाऊ, परत यायचं नाही. मी हो म्हटलं. सासूबाईंना नाही कसं म्हणायचं — आणि नाही म्हणावंसं वाटलंही नाही तेव्हा. पण दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन हातोडी घेऊन आले. जायचं नव्हतं ना मला. म्हणून तर महिनाभर वाळूत बसले, नाहीतर कुणाला हौस आहे —

आज रद्द करते. ह्यांना ह्यातलं काही माहीत नाही. तुलाही माहीत नाही, काय?

थांब. ह्यांची गाडीच आली. — यल्ला, जा तू आता. चहा उद्या पाजते. जा.