पेटीपासून लांब

अबोली : टीव्हीवर पंचेचाळीस, मोबाइलवर सत्तेचाळीस आणि अंगणातल्या तुमच्या तापमापीच्या पेटीत चव्वेचाळीस. हुडकेश्वरला सूर्यही तुमच्या ओळखीचा दिसतो, बाबा.

बाबा : टीव्हीवाल्यांना बातमी हवी असते. मला हवेचं तापमान हवंय. भिंतीचं नको, स्लॅबचं नको, तुझ्या त्या गाडीच्या टपाचं तर नकोच.

अबोली : म्हणून तापमापीला पांढरी पेटी, चारी बाजूंनी वारा, कायमची सावली. या घरात एवढे लाड दुसऱ्या कोणाचे झाले नाहीत.

बाबा : ती उलट उत्तर देत नाही.

अबोली : वेधशाळेतून निवृत्त होतात ती माणसं देवदर्शनाला जातात म्हणे. बरं, उद्या गट्टूवाला येतोय. अंगणभर सिमेंटचे गट्टू बसवून घेऊ. या गवतात तुमचा पाय मुरगळला, ते मला शेजारच्या रंभाकाकूंनी पुण्याला फोन करून सांगितलं. तुम्हाला सांगायला वेळ नव्हता.

बाबा : पाय माझा. गवत पेटीचं. ते जाणार नाही.

अबोली : चार हात गवत. बाकी सगळं नागपूर सिमेंटचं झालंय.

बाबा : म्हणूनच. गट्टू टाकले की आकडा चढणार. मग उद्या कोणी माझ्या नोंदी पाहून म्हणेल, जग तापलं. तापलंच आहे गं. पण किती तापलं ते सांगताना माझ्या अंगणाची भर नको त्यात.

अबोली : आणि जगाची ती वाढ असते तरी केवढी?

बाबा : दहा वर्षांत एक-दोन दशांश. पेटीचं दार उघडं ठेवून तू जवळ उभी राहिलीस, तर तेवढी मिनिटात होते. अंगाची ऊब लागते. सरक मागे.

अबोली : मी पायरीवरच आहे. लहानपणापासून.

बाबा : शहाणी पोर.

अबोली : दशांश बरोबर दिसतो तुम्हाला. सकाळी चहात मीठ घातलंत.

बाबा : चहाची नोंद ठेवत नाही मी.

(पंधरवड्यानंतर. तेच अंगण. शेजारच्या रंभाबाई फाटकातून आत येतात.)

रंभाबाई : गट्टूवाला तोंड पाडून चालला होता वं. काय म्हणलं त्याले?

अबोली : नको म्हटलं. त्या दिवशी तिरडी बघून परत गेला, आज पुन्हा हजर. कामाचा पक्का माणूस.

रंभाबाई : आता तं गवतासाठी भांडाले तुहे बाबा बी नाहीत.

अबोली : म्हणून तर टाकवत नाहीत.

रंभाबाई : त्या रात्री झोपेत गेले, पण संध्याकाळी मले फाटकाशी म्हणत होते, पोरगी माह्या पायासाठी पुण्याहून आली, अन् गट्टूचं नाव करून राहिली.

अबोली : हे मला नाही बोलले.

रंभाबाई : तुम्ही दोघं कधी सिधं बोलले का? बाप टोमणा मारे, लेक त्याले परत दे.

अबोली : सराव चांगला होता.

रंभाबाई : आता तू जाशीन. मंग पेटी कोन पाहीन?

अबोली : तुम्ही.

रंभाबाई : मी? मले तं तिचं बूडच दिसते खालून.

अबोली : पाटावर उभ्या राहा. डोळा पाऱ्याच्या रेषेत आणायचा, श्वास धरायचा, वाचायचं आणि लगेच दार लावायचं. हे बघा. एकेचाळीस दशांश सहा. लिहिलं. लावलं दार.

रंभाबाई : मंग आता पुन्हा काहून उघडून राहिली?

अबोली : नोंद झाली ना. आता जवळ उभी राहते.

रंभाबाई : पारा चढून राहिला वं.

अबोली : चढू द्या. बाबा, मला पायरीवर नव्हतं उभं राहायचं. तुमच्याजवळ यायचं होतं.